दांड्यांचे ब्रेक, तेलाचे ब्रेक

जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या माणसाला लोक हमखास इंजिनाबद्दल विचारतात. किती सिलिंडर, किती हॉर्सपॉवर, पळते किती. थांबते कशी, हे फारसं कुणी विचारत नाही. मला मात्र कुठलीही जुनी गाडी समोर आली की आधी खाली वाकून बघावंसं वाटतं. मागच्या चाकातल्या ड्रमकडे, म्हणजे ब्रेक ज्याला घासतो त्या गोल डब्याकडे, दांडा जातोय, केबल जातेय की बारीक नळी? तेवढ्यावरून ती गाडी चालवायची कशी, सांभाळायची कशी आणि तिच्या बाबतीत धास्ती कशाची बाळगायची, हे बरंचसं कळतं.

मेकॅनिकल, म्हणजे दांड्या-केबलचे ब्रेक चांगले की हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाचे, हा वाद जुन्या गाड्यांच्या मंडळींमध्ये कधी संपत नाही. बहुतेक वेळा तो ताकदीवर येऊन अडकतो. दांड्यांच्या ब्रेकमध्ये दम नाही, तेलाच्या ब्रेकमध्ये आहे, असं एक बाजू म्हणते आणि दुसरी बाजू चिडते. मला हा मुद्दाच कच्चा वाटतो. नीट लावलेले दांड्यांचे ब्रेक चाकं जाम करू शकतात, आणि चाक जाम झाल्यावर त्यापुढची ताकद काय कामाची? गाडी थांबवते ती शेवटी टायरची रस्त्यावरची पकड. खरा फरक वाटणीत आहे. पायाचा एक दाब चार चाकांना वाटायचा, तोही असा की प्रत्येकाला त्याचा हिस्सा पोचेल, आणि गाडी खड्ड्यात उतरो, वळणावर असो वा माणसांनी खचाखच भरलेली असो, ही वाटणी बिघडता कामा नये. दोन्ही पद्धतींनी हा एकच प्रश्न सोडवला. एकीने तो माणसाच्या हातांवर सोपवला, दुसरीने द्रवाच्या स्वभावावर.

चौघांनी खाट उचलताना एकाने हात सैल सोडला की खाट तिरकी होते. पुढच्या दोन चाकांपैकी एकाला ब्रेक कमी लागला की गाडीचंही तसंच होतं. ती जोरात लागलेल्या बाजूला ओढते. म्हणूनच पुढच्या चाकांना ब्रेक बसवायला लोक इतकी वर्षं बिचकत होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागे. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तर पायाचा ब्रेक चाकांवर नव्हताच, तो गिअरबॉक्सच्या आतल्या ड्रमला पकडायचा. वेगात ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाकं हलकी होतात, आणि नेमक्या त्या हलक्या चाकांकडूनच सगळं काम करून घ्यायचं, असा तो प्रकार. स्कॉटलंडच्या ॲरॉल-जॉन्स्टनने १९०९ मध्ये आणि इटलीच्या इसोट्टा फ्रास्किनीने १९१० मध्ये चारही चाकांना ब्रेक देऊन पाहिले, पण त्याचा सर्रास प्रसार व्हायला विसाचं दशक उजाडावं लागलं. ब्रिटनमध्ये तेव्हा चार चाकांना ब्रेक असलेल्या गाडीच्या मागे लाल त्रिकोण लावत, म्हणजे मागच्या ड्रायव्हरने अंतर ठेवावं. ही गाडी तुमच्यापेक्षा लवकर थांबेल, असा तो इशारा.

अडचण पुढच्या चाकांच्या वळण्याची होती. मागच्या चाकापर्यंत दांडा नेणं त्या मानाने सोपं. पण पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं, वर-खाली होतं, आणि या दोन्ही हालचालींत ब्रेकचा ओढा कमी-जास्त होता कामा नये. फ्रान्सच्या आंरी पेरो यांनी यावर फार सुंदर तोड काढली. चॅसिसपासून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापासून, चाकाकडे जाणारा एक छोटा शाफ्ट, आणि त्याचा युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे सगळीकडे वळू शकणारा सांधा, नेमका किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या खुंटीवर वळतं तिच्या रेषेवर. चाक ज्या रेषेभोवती वळतं त्याच रेषेवर सांधा असल्यामुळे स्टिअरिंग फिरवलं तरी ब्रेकला त्याची झळ लागत नाही. असा शाफ्ट हातात घेऊन फिरवून बघितला की तो सुचलेल्या माणसाबद्दल आदर वाटतो. गणित कागदावर सोपं दिसतं, ते धातूत उतरवणं सोपं नव्हतं.

आता प्रत्यक्ष दांड्यांकडे येतो, कारण यांची बदनामी फार झाली आहे आणि ती बरीचशी दुर्लक्षातून आलेली आहे. पॅडल दाबलं की चॅसिसमध्ये आडवा बसवलेला एक शाफ्ट थोडासा फिरतो. त्यावरच्या लिव्हरांतून चार दांडे किंवा केबल चाकांकडे जातात. चाकाच्या आत एक कॅम किंवा पाचर शू, म्हणजे ड्रमच्या आतल्या अर्धगोल पट्ट्या, फाकवते आणि शूचं लायनिंग ड्रमला घासतं. प्रत्येक सांध्यावर एक पिन, पिनेभोवती भोक. पिन आणि भोक दोन्ही झिजतात. एका सांध्याची झीज डोळ्यांना दिसणारही नाही, पण पॅडलपासून चाकापर्यंतचे सगळे सांधे मिळून निम्मं पॅडल नुसता ‘प्ले’ काढण्यातच खर्च होतं. मग मालक म्हणतो, जुन्या गाड्यांचे ब्रेक असेच असतात. तसं अजिबात नाही. पिना आणि बुश नवे घातले, आडव्या शाफ्टला ग्रीस दिलं, ड्रम गोल करून घेतले आणि लायनिंग ड्रमच्या गोलाईला बसवलं की तीच गाडी ओळखू येत नाही.

हे ब्रेक लावण्याची एक ठरलेली रीत आहे. गाडी चारही बाजूंनी उचलून स्टँडवर ठेवायची आणि आधी सगळे दांडे लिव्हरांपासून सोडवायचे. मग एकेका चाकाचा चौकोनी डोक्याचा ॲडजस्टर पान्ह्याने फिरवायचा. गर्लिंग या ब्रिटिश पद्धतीच्या ब्रेकमध्ये पाव फेऱ्याला एक ‘टक’ असा ठसका हाताला जाणवतो. हाताने चाक फिरवत राहायचं आणि ठसके मोजत जायचं, शू ड्रमला टेकून चाक अडेपर्यंत. मग चाक मोकळं फिरेल इतकंच मागे घ्यायचं. चारही चाकं अशी झाली की मगच दांड्याची लांबी जुळवायची. लिव्हर आपल्या आरामाच्या जागी, दांडा आपल्या जागी, आणि पिन कुठलीही ओढाताण न करता दोन बोटांनी आत सरकली पाहिजे. ती तशी सरकते तेव्हा फार बरं वाटतं. लायनिंग झिजलं म्हणून दांडा आखूड करत जाणं हा या ब्रेकवरचा सगळ्यात मोठा अन्याय. ब्रेक लागताना दांडा आणि लिव्हर यांच्यातला कोन काटकोनाच्या जवळ असायला हवा, तिथेच सगळ्यात जास्त जोर मिळतो. दांडा आखूड केला की लिव्हर काटकोन ओलांडून जातो, आणि पाय जितका जोरात दाबाल तितका त्याचा परतावा कमी. शेवटी सीटची चौकट आणि पॅडल यांच्यामध्ये एक लाकडी दांडकं अडकवून पॅडल थोडं दाबून ठेवायचं आणि चारही चाकं हाताने फिरवून बघायची. डावं-उजवं सारखंच जड फिरायला हवं. नसेल तर जास्त पकडणारं थोडं सैल करायचं, सैल असलेलं ओढून घट्ट नाही.

हे सगळं एकदा करून भागत नाही. लायनिंग झिजत राहतं, वाटणी पुन्हा बिघडते, पुन्हा खाली शिरावं लागतं. आणखी एक दुखणं आहे ते मूळ रचनेतच. दांड्याचं एक टोक चॅसिसवर आणि दुसरं चाकाकडे, आणि मध्ये पाटे, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगा. खड्ड्यात चाक वर आलं की ही दोन टोकं जवळ-दूर होतात आणि ब्रेक आपोआप थोडा लागतो किंवा सुटतो. ब्रेक मारताना आसही पाट्यांवर किंचित पिळली जाते. चांगल्या इंजिनिअरांनी दांड्याचा सांधा पाट्याच्या हालचालीशी जुळवून हे जवळजवळ नाहीसं केलं, हलक्या हाताने केलेल्या गाड्यांत ते तसंच राहिलं. अल्बर्ट गर्लिंग यांनी १९२५ मध्ये पेटंट घेतलेली पाचरीची रचना म्हणूनच इतकी वर्षं टिकली, तिच्यात दांडे नुसते ओढले जातात आणि घर्षण फार कमी. उलट ऑस्टिन सेव्हनसारखी छोटी गाडी बघा. १९२२ पासून चारही चाकांना ब्रेक, पण सुरुवातीच्या गाड्यांत पायाचं पॅडल मागच्या चाकांना आणि हाताचा लिव्हर पुढच्या चाकांना. चारही चाकांनी थांबायचं तर हात आणि पाय दोन्ही वापरायचे. १९३० मध्ये दोन्ही जोडले गेले. त्या गाडीने कितीतरी कुटुंबांना पहिल्यांदा मोटार परवडवली, म्हणून तिच्या ब्रेकबद्दल तक्रार करताना माझी जीभ थोडी अडते.

तेलाची गोष्ट वेगळी. पास्कलने सतराव्या शतकात सांगून ठेवलं की बंद जागेतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. पायाने समजा तीस किलोचा जोर दिला आणि पॅडलच्या लिव्हरने तो पाचपट केला. मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे नळ्यांत तेल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरच्या, पिस्टनवर दीडशे किलो आले. पिस्टनचं क्षेत्रफळ पाच चौरस सेंटिमीटर असेल तर नळीत तीस किलो प्रति चौरस सेंटिमीटर. हा आकडा चारही चाकांच्या सिलिंडरांत एकच. एका शूला ड्रमपर्यंत पोचायला जास्त अंतर असलं तरी बिघडत नाही. सगळे शू टेकेपर्यंत दाब चढतच नाही, आणि चढला की सगळीकडे एकदम. जे काम दोन बोटांत पिन धरून तासन्‌तास करावं लागतं, ते द्रव न सांगता करतो. नळी कुठूनही वळवून न्या, चाकापाशी होज पाइप द्या, चाक वळो की उसळो, दाबाला त्याचं काही नाही. मला या कल्पनेचं आजही अप्रूप वाटतं.

माल्कम लॉकहीड यांनी, विमानं बनवणाऱ्या लॉकहीड भावंडांपैकी एकाने, १९१७ मध्ये याचं पेटंट मिळवलं. १९२१ मध्ये ल मान्स इथल्या फ्रेंच ग्रांप्रीत जिमी मर्फी यांनी हायड्रॉलिक ब्रेकवाली अमेरिकन ड्युसेनबर्ग गाडी पहिल्या क्रमांकाने आणली. वळणावर ती गाडी इतरांपेक्षा उशिरा ब्रेक मारू शकत होती, आणि शर्यतीत तेवढं पुरतं. त्याच सुमारास ड्युसेनबर्गची विक्रीची गाडीही हे ब्रेक घेऊन आली, पण ती श्रीमंतांची. १९२४ मध्ये क्रायस्लरने मध्यम किमतीच्या गाडीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक दिले. त्याआधी त्यांच्या इंजिनिअरांना खरी झुंज द्यावी लागली ती गळतीशी. मूळ रचनेतली कातडी सीलं तेल धरून ठेवत नव्हती, रबरी कप आल्यावर गाडं मार्गी लागलं. पास्कलचा नियम तयार होताच, अडलं होतं ते रबराच्या वाटीपाशी.

त्यानंतर फियाटची बलिला, सित्रोएनची ट्रॅक्सियाँ आवां, मॉरिस एट, १९३६ ची शेव्हरोले अशी रांग लागली. पण फोर्ड अडून बसले. १९३२ मध्ये सामान्य माणसाला व्ही-एट इंजिन देणारी ही कंपनी १९३८ पर्यंत दांडे आणि केबलच वापरत होती, आणि पायापासून चाकापर्यंत पोलादच पोलाद, अशा अर्थाची जाहिरात करत होती. १९३९ च्या गाड्यांत तेल आलं. बुगात्तीनेही १९३८ पर्यंत केबल सोडली नाही. याला नुसता हट्ट म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. त्या काळच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये मास्टर सिलिंडर एकच, नळ्यांचं जाळं एकच. चारपैकी एका चाकाचा होज फुटला तर त्याच चाकाचा नाही, चारही चाकांचा ब्रेक गेला. जी समानता या पद्धतीचं बळ होती तीच तिची कमजोरी. दांड्याची एक पिन निखळली तर एक चाक जातं, गाडी ओढते, ड्रायव्हर घाबरतो, पण उरलेल्या तीन चाकांवर थांबतो. अर्थात मधला मुख्य दांडाच सुटला तर तिथेही काही उरत नाही, आणि आवरणाच्या आत तुटत चाललेली केबलची तार बाहेरून दिसत नाही. दांडे म्हणजे अभय, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

हडसनने यावर १९३६ पासून एक शहाणपणाचा तोडगा दिला. हायड्रॉलिक ब्रेक गेला आणि पॅडल नेहमीपेक्षा खाली गेलं, की तेच पॅडल मागच्या चाकांचा मेकॅनिकल ब्रेक ओढायचं. एवढी साधी, एवढी माणसाची काळजी करणारी रचना बाकीच्यांनी उचलली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोन वेगळे सर्किट, म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र असे तेलाचे दोन मार्ग, असलेला मास्टर सिलिंडर सर्वसामान्य गाड्यांत यायला साठचं दशक लागलं. कॅडिलॅकने तो १९६२ च्या गाड्यांत दिला, अमेरिकेत १९६८ पासून तो सक्तीचाच झाला. फोर्डच्या शंकेचं पुरतं उत्तर मिळालं ते तेव्हा.

तोपर्यंतच्या एका सर्किटच्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत आणि मला खरी काळजी त्यांची वाटते. हायड्रॉलिक आहे म्हणून मालक निर्धास्त असतो. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या अशा गाडीचा व्हील सिलिंडर उघडला की रबरी बूट मागे सारताच तपकिरी चिखलासारखं काहीतरी बोटाला लागतं. पिस्टन बाहेर निघता निघत नाही. निघाला की सिलिंडरच्या आत उजेड टाकून बघायचं. वरची बाजू आरशासारखी गुळगुळीत, आणि खालच्या बाजूला, जिथे पाणी साचून बसलं, तिथे गंजाचे खड्डे. नेहमीचं ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. त्यातलं डॉट ४ दर्जाचं तेल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओल शोषल्यावर तेच १५५ पर्यंत खाली येऊ शकतं. लांब उतारावर ड्रम तापले की तेलात वाफ धरते. वाफ दबते, तेल दबत नाही, आणि पॅडल खाली जातं. म्हणून दोन वर्षांनी तेल बदलायचंच, गाडी एक किलोमीटर चालली असो वा नसो.

होजचं दुखणं तर आणखी फसवं. बाहेरून रबर ठणठणीत दिसतं आणि आतून फुगून भोक सुईएवढं झालेलं असतं. पायाचा जोर तेलाला त्यातून पुढे ढकलतो, पण शूच्या स्प्रिंगचा जोर ते मागे आणायला पुरत नाही. पाय काढला तरी त्या चाकाचा ब्रेक लागलेलाच राहतो, ड्रम तापतो, आणि माणूस शू आणि स्प्रिंग बदलत बसतो. किंवा थांबलेल्या गाडीत पॅडलवर पाय ठेवला की पॅडल हळूहळू खाली सरकत जातं, आणि गाडीखाली तेलाचा थेंबही नसतो. मास्टर सिलिंडरचा कप आतल्या आत तेल मागे सोडत असतो. या गोष्टी दिसत नाहीत, त्या माहीत असाव्या लागतात. दांड्यांच्या गाडीत खाली वाकलं की निम्मा आजार डोळ्यांसमोर असतो. एका सर्किटच्या गाडीत म्हणून मी हँडब्रेककडे ब्रेकइतकंच लक्ष देतो. बहुतेक गाड्यांत तो स्वतंत्र, मेकॅनिकल असतो, आणि वेळ आली तर तेवढाच हाताशी राहतो.

दोन्ही पद्धती एकाच गाडीत नांदवणारेही होते. हिस्पानो-सुइझाने १९१९ च्या एच-सिक्समध्ये गिअरबॉक्सवरून फिरणारा सर्व्हो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा, दिला. ड्रायव्हरचा पाय फक्त त्या सर्व्होला चालना द्यायचा, ब्रेक ओढायचं काम चालत्या गाडीची स्वतःची गतीच करायची. रोल्स-रॉइसने त्याचा परवाना घेतला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पुढे तेल आलं तरी मागच्या चाकांकडे मेकॅनिकल जोडणी ठेवली, ती साठच्या दशकातल्या सिल्व्हर क्लाउडपर्यंत. स्वस्त गाड्यांनी कारण वेगळं असूनही दांडे जपले. ब्रिटनमधली फोर्ड पॉप्युलर १९५९ पर्यंत दांड्यांवरच थांबत होती, आणि साध्या मॉडेलची फोक्सवॅगन बीटल १९६२ पर्यंत केबलवर.

आता राहिला प्रश्न जो मला हमखास विचारला जातो: दांड्यांची गाडी हायड्रॉलिकवर घ्यावी का? माझं मत आहे की आधी मूळ ब्रेक पूर्ण बरे करून बघावेत. सगळ्या पिना, बुश, ड्रम, लायनिंग, आणि आडव्या शाफ्टची बेअरिंगं. अर्धवट झिजलेल्या ब्रेकची नव्या ब्रेकशी तुलना करून निर्णय घेणं त्या गाडीवर अन्याय आहे. जुनं लायनिंग काढताना धूळ उडवू नये, ओल्या फडक्यानेच पुसावी, कारण त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा. त्यानंतर गाडी चालवून बघावी, आणि तीही तिच्या वेगाने. ताशी ४० किलोमीटरवरून ८० वर गेलं की थांबवायची ऊर्जा चौपट होते, आणि तीसच्या दशकातले अरुंद टायर व छोटे ड्रम त्या चौपटीसाठी केलेलेच नव्हते. तेल भरून ड्रम मोठे होत नाहीत.

तरीही कुणाला रोज गर्दीतून जावं लागत असेल, पुढची गाडी डिस्क ब्रेकवर जागच्या जागी थांबत असेल, सोबत लहान मुलं बसत असतील, तर त्याने बदल केला म्हणून मी नाक मुरडणार नाही. फक्त चॅसिसला नवी भोकं पाडू नयेत, मूळचे दांडे, लिव्हर आणि शाफ्ट तेलाचा हात देऊन, चिठ्ठ्या बांधून जपून ठेवावेत, आणि मास्टर सिलिंडर दोन सर्किटचाच बसवावा. एका सर्किटचा बसवायचा असेल तर दांडेच राहू द्यावेत.